मॉरिशसचे २०२४ : सत्ता बदलली, सत्तेला वेसण कोण घालणार?

मॉरिशसमध्ये १० नोव्हेंबर २०२४ रोजी मतदान झाले आणि दुसऱ्या दिवशीच्या मतमोजणीत मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा एकाच आघाडीकडे गेल्या. जानेवारी २०१७ पासून पंतप्रधान असलेले प्रविंद जगन्नाथ स्वतःच्या मतदारसंघातही पराभूत झाले. विजयी आघाडीचे नेते नवीन रामगुलाम पुन्हा पंतप्रधान झाले. गोळी सुटली नाही, निकाल कुणी नाकारला नाही. हरलेल्यांनी पराभव मान्य केला आणि जिंकलेल्यांनी शपथ घेतली. जेमतेम २,०४० चौरस किलोमीटरच्या आणि साडेबारा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या या देशाने त्या वर्षी अनेक मोठ्या देशांना जमले नाही ते करून दाखवले.

मात्र त्याच मतदानाच्या दहा दिवस आधी याच देशाच्या सरकारने सगळी समाजमाध्यमे निवडणूक संपेपर्यंत बंद ठेवण्याचा आदेश काढला होता. चौफेर टीका झाल्यावर तो जेमतेम एका दिवसात मागे घ्यावा लागला. या दोन्ही घटना एकाच देशातल्या आणि एकाच पंधरवड्यातल्या आहेत. त्यामुळे मॉरिशसच्या २०२४ चा हिशेब मांडताना नुसते अभिनंदन करून भागत नाही, तशीच नुसती चिंताही पुरत नाही. आमच्या मते त्या वर्षाचा निष्कर्ष असा : सरकार घालवण्याची ताकद मॉरिशसच्या मतदाराकडे भरपूर आहे, पण दोन निवडणुकांच्या मधल्या पाच वर्षांत सरकारला आवरण्याची व्यवस्था त्या देशाकडे तोकडी आहे. ती उभी करण्याची जबाबदारी आज ज्यांना तिची सर्वांत कमी गरज वाटेल त्यांच्यावर, म्हणजे जिंकलेल्यांवर, आली आहे.

मराठी वाचकाने या देशाकडे लक्ष द्यावे याला कारण आहे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरी आणि आसपासच्या कोकणपट्टीतून करारबद्ध मजूर म्हणून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी कुटुंबांचे वंशज तिथे आजही आपली ओळख राखून आहेत. गणेश चतुर्थीला तिथे सरकारी सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते, जाखडी नाचली जाते. १२ मार्च २०२४ ला राष्ट्रीय दिनाच्या प्रमुख पाहुण्या म्हणून गेलेल्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय कार्ड मिळू शकेल, अशी घोषणा केली, तीही या कुटुंबांना लागू होते. पण 'छोटा भारत' म्हणून कौतुक करण्यापलीकडे आपण मॉरिशसकडे फारसे पाहत नाही. त्या देशाचे स्वतःचे राजकारण आहे आणि त्यातले प्रश्न आपल्यालाही परके नाहीत.

वर्षाची सुरुवातच कसोटीची होती. १५ जानेवारीला बेलाल चक्रीवादळाने पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पाण्याचे लोंढे आणले, मोटारी वाहून गेल्या, आणि इशारे वेळेवर दिले गेले नाहीत या संतापात हवामान खात्याच्या प्रमुखांना पद सोडावे लागले. फेब्रुवारीत भारताची यूपीआय आणि रुपे सेवा तिथे सुरू झाली. महिनाअखेरीला दूरवरच्या अगालेगा बेटावर भारताने बांधलेल्या धावपट्टीचे आणि धक्क्याचे उद्घाटन झाले. ३ ऑक्टोबरला ब्रिटनने चागोस बेटांवरचे मॉरिशसचे सार्वभौमत्व मान्य करत असल्याचे जाहीर केले आणि दुसऱ्याच दिवशी संसद विसर्जित झाली. सत्ताधाऱ्यांना याहून चांगला मुहूर्त मिळाला नसता. जवळजवळ साठ वर्षांची राष्ट्रीय मागणी पूर्ण होत होती आणि तिचे श्रेय घेऊन मतदारांसमोर जाता येत होते.

पण ऑक्टोबरच्या मध्यापासून समाजमाध्यमांवर एका अनामिक खात्यावरून ध्वनिफिती येऊ लागल्या. राजकारणी, पोलीस अधिकारी, वकील, पत्रकार, इतकेच काय परदेशी मुत्सद्दी यांचीही दूरध्वनीवरची संभाषणे लोकांच्या हाती पडली. सरकार म्हणाले, हे कृत्रिम बुद्धिमत्तेने रचलेले बनाव आहेत. पण ज्यांचे आवाज त्यात होते अशा काही पत्रकारांनी ही संभाषणे आपलीच असल्याचे उघड सांगितले. एवढ्या माणसांचे फोन कुणीतरी ऐकत होते, हे लोकांच्या लक्षात आले. समाजमाध्यमे बंद करण्याचा आदेश त्यानंतर निघाला आणि त्याने सरकारचा उरलासुरला बचावही दुबळा करून टाकला.

या घटनांचा अर्थ दोन प्रकारे लावला जातो. दोन्ही बाजूंकडे वजनदार पुरावा आहे, म्हणून दोन्ही नीट ऐकायला हव्यात.

पहिली बाजू म्हणते, २०२४ हे मॉरिशसच्या लोकशाहीच्या प्रकृतीचे प्रमाणपत्र आहे. सत्ताधाऱ्यांच्या हाती सरकारी दूरचित्रवाणी होती, तिजोरी होती, निवृत्तिवेतनाची आणि वेतनवाढीची आश्वासने होती, वर चागोसचे यश होते. तरीही सुमारे ७९ टक्के मतदार घराबाहेर पडले आणि त्यांनी सरकार मुळासकट उपटले. मतपेटीला कुणी हात लावू शकले नाही. निवडणूक यंत्रणा उभी राहिली, न्यायालये उभी राहिली, समाजमाध्यमबंदी चोवीस तासही धड टिकली नाही. 'इकॉनॉमिस्ट'चा लोकशाही निर्देशांक अनेक वर्षे आफ्रिकेत फक्त मॉरिशसलाच 'पूर्ण लोकशाही' म्हणतो, ते उगाच नाही, असे या बाजूचे म्हणणे.

दुसरी बाजू विचारते, मग गोष्टी इथवर पोहोचल्याच कशा? स्वीडनमधील व्ही-डेम संस्थेने काही वर्षांपूर्वीच मॉरिशसची गणना झपाट्याने निरंकुशतेकडे झुकणाऱ्या देशांत केली होती. नगरपालिकांच्या निवडणुका जून २०१५ मध्ये झाल्या आणि नंतर पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या गेल्या. त्या पुन्हा झाल्या थेट मे २०२५ मध्ये. जवळपास दहा वर्षे शहरांतल्या नागरिकांना आपला नगरसेवक बदलता आला नाही. संसदेत विरोधी सदस्यांना सभागृहाबाहेर काढणे हा नित्याचा प्रकार झाला होता. फोन ऐकले जात होते की नाही याची चौकशी कुठलीही संसदीय समिती करत नव्हती. हे सगळे बाहेर आले ते एका अज्ञात माणसाने ध्वनिफिती फोडल्या म्हणून. संस्थांनी आपले काम केले असते तर त्या माणसाची गरजच पडली नसती.

दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण त्या लोकशाहीच्या दोन वेगळ्या अंगांबद्दल बोलत आहेत. एक निवडणुकीच्या दिवसाबद्दल बोलते, दुसरी उरलेल्या पाच वर्षांबद्दल. मॉरिशसचे पहिले अंग सुदृढ आहे. दुसरे अशक्त आहे. आणि पहिल्याच्या जोरावर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करण्याचा मोह अशा देदीप्यमान निकालानंतरच सर्वांत जास्त असतो.

आता त्या निकालाचे गणित पाहू. मॉरिशसच्या मुख्य बेटावर वीस मतदारसंघ आहेत. प्रत्येकातून तीन सदस्य निवडून येतात आणि मतदार तीन मते देतो. रॉड्रिग्ज बेटाचे दोन सदस्य धरून थेट निवडून येणारे ६२. जास्त मते मिळवील तो जिंकतो, ही ब्रिटनकडून आलेली आणि आपल्याही परिचयाची पद्धत. या पद्धतीत २०१९ मध्ये जगन्नाथ यांच्या आघाडीला सुमारे ३८ टक्के मते आणि ६२ पैकी ३८ जागा मिळाल्या. म्हणजे दहापैकी सहा मतदारांनी नाकारलेले सरकार निर्वेध बहुमताने पाच वर्षे चालले. २०२४ मध्ये रामगुलाम यांच्या आघाडीला ६० टक्क्यांहून थोडी अधिक मते मिळाली आणि मुख्य बेटावरच्या सर्व जागा. हरलेल्या आघाडीला पडलेली चतुर्थांशाहून अधिक मते एकही थेट जागा मिळवू शकली नाहीत. पहिल्या वेळी बहुसंख्यांचा आवाज सरकार रोखायला अपुरा पडला, दुसऱ्या वेळी अल्पसंख्य मतांचा आवाज सभागृहाच्या दारातच अडला.

हे पहिल्यांदा घडलेले नाही. १९८२ मध्येही साठ विरुद्ध शून्य असाच निकाल लागला होता आणि राष्ट्रपिता मानले जाणारे शिवसागर रामगुलाम स्वतः पडले होते. ते सरकार नऊ महिन्यांत आतूनच फुटले आणि १९८३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा निवडणुका घ्याव्या लागल्या. १९९५ मध्ये पुन्हा तसाच निकाल लागला आणि दीड वर्षात, १९९७ मध्ये, आघाडीतला मोठा भागीदार बाहेर पडला. समोर विरोधकच नसले की विरोध सरकारच्या पोटात शिरतो. धोरणावरची भांडणे मंत्रिमंडळाच्या बंद दाराआड होतात, नागरिकाला ती ऐकू येत नाहीत आणि त्यांचा निकाल तत्त्वापेक्षा खात्यांच्या वाटपावर लागतो. सबळ विरोधी पक्ष सरकारला अडथळा वाटतो, पण सरकार एकसंध ठेवण्याचे कामही तोच करतो, हे मॉरिशसने दोनदा अनुभवलेले सत्य आहे.

तरीही या पद्धतीच्या बाजूने बोलणाऱ्यांना झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्यांचा युक्तिवाद इतिहासातून आला आहे. ऑगस्ट १९६७ मध्ये स्वातंत्र्याच्या प्रश्नावर निवडणूक झाली तेव्हा चाळीस टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला विरोध करणाऱ्या पक्षाला पडली होती, कारण हिंदू बहुसंख्येच्या राजवटीत आपले काय होईल ही भीती क्रिओल आणि इतर समाजांत खरी होती. १९६८ च्या सुरुवातीला पोर्ट लुईत दंगली पेटल्या, ब्रिटिश सैन्य बोलवावे लागले आणि त्यानंतर काही आठवड्यांनी, १२ मार्चला, देश स्वतंत्र झाला. अशा देशात तीन सदस्यांचे मतदारसंघ असल्याने प्रत्येक पक्षाला निरनिराळ्या समाजांचे उमेदवार एकत्र उभे करावे लागतात. मतदानाआधीच आघाड्या होतात, त्यामुळे कुणाबरोबर कोण राज्य करणार हे लोकांना ठाऊक असते. पद्धत बदलली आणि प्रत्येक समाजाने आपला वेगळा पक्ष काढला तर पन्नास वर्षांत जे सांधले ते उसवेल, ही भीती खोटी नाही.

याच भीतीवर उपाय म्हणून 'बेस्ट लूझर' ही तरतूद आली. हरलेल्या उमेदवारांपैकी ज्यांना चांगली मते पडली आहेत त्यांतून, कमी प्रतिनिधित्व मिळालेल्या समाजांना, जास्तीत जास्त आठ अतिरिक्त जागा द्यायच्या अशी ही रचना. त्यासाठी राज्यघटनेने नागरिकांचे चार गट पाडले : हिंदू, मुस्लिम, चिनी वंशाचे, आणि या तिन्हींत न बसणारे सर्व. तिच्यावरचे आक्षेप तितकेच गंभीर आहेत. समाजनिहाय गणना १९७२ नंतर झालेलीच नाही, तरी जागा आजही त्याच आकड्यांवर वाटल्या जातात. उमेदवाराने स्वतःला एका समाजाच्या खात्यात मांडलेच पाहिजे ही सक्ती संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने २०१२ मध्ये चुकीची ठरवली. आंतरधर्मीय विवाहातून जन्मलेल्या किंवा स्वतःला फक्त मॉरिशियन म्हणवणाऱ्या तरुणाने कोणत्या गटात बसावे? मराठी, तमिळ, तेलुगू कुटुंबांची स्वतंत्र ओळख समाजात ठसठशीत असली तरी या वर्गीकरणात तिला जागा नाही. आणि शांततेचे श्रेय पूर्णपणे या तरतुदीला देताही येत नाही. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया या लोकप्रिय क्रिओल गायकाचा पोलीस कोठडीत मृत्यू झाला तेव्हा ही तरतूद अस्तित्वात होती, तरी देश काही दिवस पेटला. विधिमंडळातली खुर्ची ही रस्त्यावरच्या उपेक्षेची भरपाई नसते.

आणि तरीही, २०२४ मध्ये मुख्य बेटावरच्या पराभूत आघाडीचे जे दोन सदस्य सभागृहात पोहोचले ते याच तरतुदीमुळे. ती नसती तर त्या आघाडीचा एकही माणूस विरोधी बाकावर नसता. म्हणून तरतूद सदोष आहे एवढ्यावरून ती उद्याच रद्द करणे शहाणपणाचे नाही. तिच्या जागी काय येणार हे आधी ठरले पाहिजे.

त्याचे उत्तर बाहेरून आणायची गरज नाही. दक्षिण आफ्रिकेचे न्यायमूर्ती अल्बी सॅक्स यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००२ मध्येच सुचवले होते की सध्याचे ६२ सदस्य तसेच ठेवावेत आणि देशभरातल्या मतांच्या प्रमाणात भरल्या जाणाऱ्या ३० जागा वाढवाव्यात, त्याही किमान दहा टक्के मते मिळवणाऱ्या पक्षांसाठी. यात मतदारसंघाशी असलेले नाते राहते, स्थिर सरकारही राहते, आणि किमान मतांच्या अटीमुळे छोटे जातीय पक्ष उगवण्याला आळा बसतो. २०२४ ला ही पद्धत असती तरी रामगुलामच पंतप्रधान झाले असते. फरक एवढाच पडला असता की त्यांना प्रश्न विचारणारी पुरेशी माणसे समोर बसली असती. वीस वर्षांहून अधिक काळ हा अहवाल सरकारांमागून सरकारांनी चाळला आणि ठेवून दिला. ज्याला फायदा होतो तो पद्धत बदलत नाही आणि ज्याला तोटा होतो त्याच्या हाती सत्ता नसते, हे त्याचे साधे कारण आहे.

आता सत्ताधाऱ्यांकडे तीन चतुर्थांशाहून मोठे बहुमत आहे आणि घटनेतली बहुतेक कलमे ते बदलू शकतात. निवडणूक सुधारणांचे आश्वासन त्यांनी दिलेलेच आहे. पण इथे एक रास्त शंका उरते : ज्या संसदेत विरोधक नावापुरते आहेत तिने खेळाचे नियम बदलावेत का? एका बाजूने संमत झालेली सुधारणा दुसऱ्या बाजूला कारस्थान वाटू शकते. आमचे मत असे की सुधारणा याच संसदेने करावी, पण मसुदा सभागृहाबाहेर पडलेल्या पक्षांसह, रॉड्रिग्जच्या प्रतिनिधींसह आणि नागरिक संघटनांसह खुल्या सुनावण्यांतून घडवावा, आणि शक्य तर जनमत घ्यावे. थांबण्यात मोठा धोका आहे. १९८२ आणि १९९५ चा अनुभव सांगतो की असे बहुमत दीर्घकाळ टिकत नाही, आणि संधी निघून गेली की पुन्हा पिढीभर येत नाही.

संमतीचा हाच प्रश्न त्या वर्षाच्या सर्वांत मोठ्या राष्ट्रीय घटनेतही आहे. स्वातंत्र्य देण्यापूर्वी, नोव्हेंबर १९६५ मध्ये, ब्रिटनने चागोस बेटे मॉरिशसपासून तोडली आणि त्यापोटी ३० लाख पौंड दिले. १९६८ ते १९७३ या काळात, त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेचा लष्करी तळ उभारण्यासाठी, तिथल्या सर्व रहिवाशांना घरे सोडायला लावून मॉरिशस आणि सेशेल्समध्ये आणून टाकले. त्यांतले अनेक जण पोर्ट लुईच्या गरीब वस्त्यांत कामाविना, घराविना खितपत पडले. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने तेरा विरुद्ध एक मतांनी सांगितले की मॉरिशसची वसाहतमुक्ती कायदेशीररीत्या पूर्ण झालेली नाही. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ११६ देशांनी मॉरिशसच्या बाजूने मत दिले. लष्कर नसलेल्या एका छोट्या देशाने कायद्याच्या बळावर एका जुन्या साम्राज्याला वाटाघाटींच्या टेबलावर आणले, आणि २०२४ च्या ऑक्टोबरमधली घोषणा हे त्याचे फळ होते.

समझोत्यावर टीका करणारे म्हणतात, सार्वभौमत्व कागदावरचेच आहे. दिएगो गार्सिया ९९ वर्षांसाठी ब्रिटनच्याच हाती राहणार आणि त्यामार्फत अमेरिकेचा तळही. स्वतःच्या जमिनीवरच्या अण्वस्त्रधारी महासत्तेच्या तळाला मॉरिशस शतकभर मान्यता देत आहे. समर्थक म्हणतात, तळ बळाने हटवणे मॉरिशसला कधीच शक्य नव्हते. सरासरी वर्षाला १०.१ कोटी पौंड, बाकी बेटांवर पुनर्वसनाचा अधिकार, विस्तीर्ण सागरी क्षेत्र आणि सार्वभौमत्वाची निःसंदिग्ध मान्यता, यापेक्षा जास्त मिळवण्याच्या हट्टात हाती काहीच न येण्याची शक्यता मोठी होती. सत्तेवर आल्यावर रामगुलाम यांनी अटींचा फेरविचार करून नव्याने वाटाघाटी केल्या आणि मे २०२५ मध्ये करारावर सह्या झाल्या. कराराची पुढची वाट लंडन आणि वॉशिंग्टनच्या राजकारणातून जाते. तरीही आम्हाला समर्थकांचे पारडे जड वाटते. छोट्या देशाला कायद्याने मिळालेली मान्यता ही पुढच्या प्रत्येक मागणीची पायाभरणी असते.

पण एका मुद्द्यावर टीकाकारांना उत्तर नाही. ज्यांची घरे गेली त्या चागोसवासीयांना वाटाघाटींत जागा नव्हती. त्यांच्यातही एकमत नाही. ऑलिव्हिए बांकू यांच्यासारखे नेते, ज्यांनी ब्रिटनच्या न्यायालयांत वर्षानुवर्षे लढा दिला, ते मॉरिशसच्या सार्वभौमत्वाच्या बाजूने उभे राहिले. ब्रिटनमध्ये क्रॉली परिसरात स्थायिक झालेल्या अनेकांना मॉरिशसवर विश्वास नाही, कारण विस्थापनानंतरच्या दशकांत मॉरिशसने आपल्याला काय वागणूक दिली हे त्यांच्या लक्षात आहे. मतभेद आहेत हे त्यांना न विचारण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट मतभेद आहेत म्हणूनच विचारायला हवे होते. वसाहतवाद्यांनी ज्यांना न विचारता हलवले, त्यांच्या भवितव्याचा निर्णय वसाहतमुक्तीच्या करारातही त्यांना न विचारताच झाला, ही या यशाची उणी बाजू आहे. पुनर्वसन कुठे, कुणाचे, कोणत्या हक्कांसह, हे ठरवणाऱ्या मंडळात चागोसवासीयांनी स्वतः निवडलेले प्रतिनिधी बहुमतात असावेत, एवढे तरी मॉरिशसला स्वतःच्या अधिकारात करता येईल.

अगालेगाचा विषय भारतीयांनी विशेष काळजीने पाहावा, कारण तिथे आपला देश एक पक्ष आहे. मुख्य बेटापासून सुमारे १,१०० किलोमीटर दूर, तीनशेच्या आसपास माणसांच्या त्या बेटावर भारताने तीन किलोमीटरची धावपट्टी आणि धक्का बांधला. डिसेंबर २०२४ मध्ये चिडो चक्रीवादळाने अगालेगाला झोडपले, तेव्हा अशा सोयींची गरज किती खरी आहे हे दिसले. आजारी माणसाला वेळेत मुख्य बेटावर नेता यावे ही तिथल्या लोकांची जुनीच गरज आहे. हिंदी महासागरातल्या वाढत्या स्पर्धेत भारताचे सुरक्षाविषयक हितसंबंधही खरे आहेत. मात्र एवढ्या छोट्या वस्तीला एवढी मोठी धावपट्टी कशासाठी, हा प्रश्न विचारणारा रहिवासी भारतविरोधी ठरत नाही. चागोसची आठवण ज्या देशाच्या मनात ताजी आहे तिथे बेटावरच्या माणसांना विश्वासात घेणे हे भारताच्याही हिताचे आहे. कराराच्या अटी मॉरिशसच्या संसदेसमोर मांडल्या गेल्या तर मैत्री दुबळी होणार नाही, ती सरकार बदलले तरी टिकेल इतकी घट्ट होईल.

नव्या सरकारची पहिली मोठी परीक्षा पैशांवरून झाली. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ऐंशी टक्क्यांच्या वर गेलेले, आणि आधीच्या सरकारने आकडे फुगवून दाखवले असा नव्या सरकारचा आरोप. मग जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सर्वांना साठाव्या वर्षी मिळणारे निवृत्तिवेतन टप्प्याटप्प्याने पासष्टाव्या वर्षावर नेण्याची घोषणा झाली. लोकसंख्या वयस्क होत असताना हा निर्णय कधीतरी अटळ होता, हे मान्य करावे लागेल. पण शरीरकष्टाची कामे करणाऱ्या मजुराला, उसाच्या मळ्यात किंवा बांधकामावर आयुष्य गेलेल्या माणसाला, ती पाच वर्षे कार्यालयात बसणाऱ्याइतकी सोपी नसतात, आणि निवडणुकीत या निर्णयाचा कौल मागितलेला नव्हता. सभागृहात तो प्रश्न लावून धरायला पुरेसे विरोधक नसल्याने विरोध रस्त्यावर उतरला. कामाच्या स्वरूपानुसार वेगळी वयोमर्यादा ठेवण्यासारखे पर्याय एखाद्या जागरूक समितीत आधीच तपासले गेले असते. बलवान बहुमतामुळे निर्णय लवकर होतात, पण ते निर्णय लोकांच्या गळी उतरवायला लागणारी चर्चा बहुमताला स्वतःहून निर्माण करता येत नाही.

म्हणून आमच्या मते नव्या सरकारने चार गोष्टी प्राधान्याने कराव्यात. न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणाचाही फोन ऐकता येणार नाही आणि किती आदेश दिले गेले याचा वार्षिक हिशेब संसदेसमोर येईल असा कायदा करावा. स्थानिक निवडणुकांची तारीख सरकारच्या मर्जीवर न ठेवता कायद्यात बांधावी. समाजमाध्यमे किंवा इंटरनेट सरसकट बंद करण्याचा अधिकार नियामक संस्थेकडून काढून घ्यावा. आणि प्रमाणशीर जागांची तरतूद या संसदेचा निम्मा कार्यकाळ संपण्याआधी घटनेत आणावी. यांतल्या एकालाही पैसा लागत नाही, परदेशाची परवानगी लागत नाही. प्रत्येक तरतुदीने आजच्या सत्ताधाऱ्यांचे हात थोडे बांधले जातात, आणि त्याच कारणाने त्या त्यांनीच करण्याला मोल आहे.

सत्ताधाऱ्यांना त्यात स्वार्थही शोधता येईल. मॉरिशसचा मतदार कुणालाच कायमचे ठेवत नाही. १९८२ ला रामगुलाम घराणे सभागृहाबाहेर गेले, २०२४ ला जगन्नाथ घराणे गेले. ज्या दिवशी आजची आघाडी हरेल, त्या दिवशी तिच्या मतदारांना आवाज देणाऱ्या जागा आणि तिच्या नेत्यांचे फोन सुरक्षित ठेवणारा कायदा आज केलेलाच कामी येईल. हरण्याची शक्यता ध्यानात ठेवून जे सरकार कायदे करते, तेच सर्वांना न्याय्य कायदे करू शकते. रामगुलाम सरकारने तसे केले तर एवढे मोठे बहुमत देशाच्या कारणी लागले असे म्हणता येईल, आणि जास्त मते मिळवील तो जिंकतो याच पद्धतीवर चालणाऱ्या आपल्यासारख्या देशांनाही त्यातून शिकण्याजोगे बरेच असेल.